मदत हवी आहे: गोदेयो वाइनची बाटली आत्ताच उघडू का?

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी स्पेनमध्ये, गॅलिशियातल्या वाल्देओरासला गेलो होतो. सिल नदीकाठी चढणीवरच्या द्राक्षबागा, पायाखाली पाटीच्या दगडाचे करकरणारे तुकडे. तिथून गोदेयो द्राक्षाची व्हाइट वाइन आणली, ओकच्या पिंपात यीस्टच्या गाळासोबत मुरवलेली. हे तिकडचं मूळचं द्राक्ष, पण १९७०च्या दशकात जवळजवळ नामशेष झालं होतं. १९७४ साली उरल्यासुरल्या वेली हुडकून त्यांची लागवड वाढवायचं काम सुरू झालं, म्हणून ते आज चाखायला मिळतं. त्यामुळे ही बाटली वाया गेली तर फार वाईट वाटेल.

अडचण अशी: पुण्यात तीन उन्हाळे ती कपाटात आडवी होती. काल वरचं फॉइल काढलं, तर बूच तांदळाच्या दाण्याएवढं वर आलंय आणि कडेला चिकट ओघळ आहे. उकाड्याने वाइन फुगून बूच ढकललं गेलं असणार, म्हणजे थोडी हवाही आत गेली असेल. रंग मधासारखा झालाय. पण ओकमधली व्हाइट वाइन वयाबरोबर गडद होतेच, म्हणून नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही.

असं बूच सरकलेली बाटली कुणी उघडली आहे का? शेरी या स्पॅनिश वाइनसारखा, सुक्या मेव्याचा वास आला तर ती गेलीच समजायची का? आणि चांगली निघाली तर कितपत गार करू? फार गार केली की वास दबतो, एवढं अनुभवाने कळलंय. रविवारी सुरमई तळणार आहे, तोवर सांगाल का?