इटालियन क्रियापदांचे तक्ते: पाठ करायचे की नाही?

रानजाई (धागाकर्ती)

गेली ११ वर्षं मी पुण्यात इटालियन शिकवते. मिलान-तोरिनोला शिकायला निघालेली मुलं असतात, लग्न होऊन तिकडे जाणाऱ्या मुली असतात. प्रत्येक तुकडीत तिसऱ्या आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "ताई, ॲपवर तर म्हणतात तक्ते पाठ करू नका, ऐकत राहा, आपोआप येईल. मग तुम्ही का घोकून घेता?"

माझं मत ठाम आहे. घोकायलाच हवेत, आणि तेही मोठ्याने, पाढे म्हणतो तसे.

आधी हिशेब सांगते, कारण घाबरवतो तो आकडाच. इटालियन व्याकरणात ७ अर्थ (स्वार्थ, आज्ञार्थ असे क्रियापदाचे प्रकार) आणि त्यांचे मिळून २१ काळ. ऐकूनच माणूस वही मिटतो. पण यातले ९ काळ जोडीचे आहेत. 'आवेरे' (जवळ असणे) किंवा 'एस्सेरे' (असणे) या साहाय्यक क्रियापदाचं रूप घ्यायचं आणि पुढे धातुसाधित ठेवायचं, झालं. धातुसाधितं आणि आज्ञार्थ बाजूला काढले की पुरुषाप्रमाणे चालवायचे साधे काळ उरतात फक्त ७. प्रत्येकाची ६ रूपं, म्हणजे ४२. आपण तीसपर्यंतचे पाढे पाठ केलेली माणसं आहोत.

दुसरं म्हणजे 'कोनजुन्तीवो', म्हणजे इच्छा, मत, आशा सांगताना येणारा क्रियापदाचा अर्थ. हा पुढच्या पायरीवरचा विषय आहे असं सगळे समजतात आणि सहा महिने त्याला हात लावत नाहीत. पण अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाशी आदराने बोलताना आज्ञार्थाची रूपं कोनजुन्तीवोचीच वापरतात. दुकानात पाऊल टाकलं की दुकानदार म्हणतो "मी दीका", म्हणजे "बोला, काय हवंय". ते कोनजुन्तीवोच आहे. माझी एक विद्यार्थिनी सत्तरी ओलांडलेल्या घरमालकीणबाईंना "आस्पेत्ता" म्हणाली, म्हणायचं होतं "आस्पेत्ती". मराठीत सांगायचं तर आजींना "थांबा" ऐवजी "थांब" म्हणाली. गोची अशी की '-आरे'ने संपणाऱ्या क्रियापदांच्या गटात सलगीचं रूप 'आ'ने संपतं आणि आदराचं 'ई'ने, तर '-एरे' गटात नेमकं उलट: सलगीचं 'प्रेन्दी', आदराचं 'प्रेन्दा'. हे कानावर सोडून दिलं तर वर्षभर गोंधळ चालतो. तक्ता पाठ असेल तर चालत नाही.

तुमचं काय मत? विशेषतः तिकडे राहणाऱ्यांनी सांगा.

बोलोन्याकर

रानजाईताई, तीव्र असहमत.

मी ९ वर्षं बोलोन्यात आहे, पॅकेजिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. येताना 'एस्सेरे'चा पासातो रेमोतो (एका शब्दाचा साधा भूतकाळ) तोंडपाठ होता: फूई, फोस्ती, फू, फुम्मो, फोस्ते, फूरोनो. आणि दुसऱ्याच महिन्यात दवाखान्यात बसून मला "दोन दिवस पाठ दुखतेय" एवढं सांगता येईना. डोक्यात तक्ता उलगडून भूतकाळ शोधत होतो. दोन दिवसांपासून दुखतंय म्हणजे भूतकाळच असणार ना! डॉक्टरीणबाई थांबून राहिल्या होत्या. तिथे लागतो साधा वर्तमानकाळ. मराठीतही आपण "दुखतेय" असंच म्हणतो हे मला त्या क्षणी सुचलं नाही, कारण सुचण्याच्या जागी तक्ता भरलेला होता.

९ वर्षांत कारखान्यात पासातो रेमोतो बोलण्यात एकदाही ऐकलेला नाही. इथे काल घडलेलं असो की वीस वर्षांपूर्वीचं, सगळं पासातो प्रोस्सिमोत, म्हणजे साहाय्यक क्रियापद लावून होणाऱ्या जोडीच्या भूतकाळात. ती ६ रूपं पाठ करायला लावून तुम्ही मुलांचा जो आठवडा घालवता, त्यात ती चाळीस कामाची वाक्यं शिकतील.

अजून एक. तक्त्यात आघात ऐकू येत नाही. "ते बोलतात" हे 'पार्लानो', आघात पहिल्या अक्षरावर. मी वर्षभर 'ला'वर जोर देत होतो, कारण तक्त्यात वरच्या ओळीला 'पार्लाते' (तुम्ही बोलता) होतं आणि तिथे जोर 'ला'वरच असतो. "ते फोन करतात" याला 'तेलेफोनानो', तिथे तर आघात शेवटून चौथ्या अक्षरावर. हे फक्त कानाने येतं.

समुद्रपक्षी

बोलोन्याकर, तुमचं बोलोन्या म्हणजे अख्खी इटली नव्हे. मी पालेर्मोला संशोधनासाठी ३ वर्षं राहिले. आमच्या शेजारच्या काकू सकाळी बाजारातून आल्या की दारातूनच सांगायच्या, "आन्दाई आल मेर्कातो", म्हणजे बाजारात गेले होते. तासाभरापूर्वीची गोष्ट, आणि काळ पासातो रेमोतो! सिसिलीत तो रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. तोस्कानातली माणसंही वापरतात. आणि लहान मुलांची कोणतीही गोष्ट उघडा, राजा आला, राक्षस मेला, सगळं रेमोतोत. हा काळ येत नसेल तर तुमचं इथे जन्मलेलं लेकरू पुस्तक वाचेल आणि तुम्हाला कळणार नाही.

शिवाय त्यात रचना आहे. 'लिहिणे'चं बघा: स्क्रीस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रीस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रीस्सेरो. मी, तो आणि ते, या तीनच ठिकाणी मोडतोड, बाकी तीन सरळ. एकदा हा ठेका बसला की अनियमित क्रियापदांचा मोठा ढीग हातात येतो. हे मला पाठ केल्यावरच दिसलं.

सातारकर

मी ६८ वर्षांचा, निवृत्त मराठी शिक्षक. मुलगी-जावई तोरिनोला आहेत, नातवाशी बोलता यावं म्हणून दीड वर्ष शिकतो आहे. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. पाठ करा किंवा करू नका, पण तुम्ही सगळे इटालियनकडे इंग्रजीच्या खिडकीतून बघता. आपल्या घराचं दार उघडंच आहे.

आठवीच्या व्याकरणात आपण काय शिकलो? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. "तू यावंस असं मला वाटतं" यातलं 'यावंस' हे विध्यर्थ, आणि इटालियनमध्ये तिथेच 'वेंगा' हे कोनजुन्तीवो येतं. "पाऊस पडला असता तर पीक आलं असतं", या संकेतार्थासाठी इंग्रजी माध्यमातली मुलं इटालियन शिकताना अडखळतात असं मुलगी सांगते. मला एका संध्याकाळी समजलं. बोलण्यात इटालियन माणूस दोन्हीकडे इम्पेरफेत्तोच (चालू किंवा नेहमीच्या गोष्टींचा भूतकाळ) घालतो: "से लो सापेवो, वेनीवो". "माहीत असतं तर आलो असतो". आपणही दोन्हीकडे 'असतं-असतो' म्हणतोच की.

"तीन वाजले असतील" हे भविष्य नाही, अंदाज आहे, तरी रूप भविष्याचं. इटालियन अगदी तेच करतं, "सारान्नो ले त्रे". "तो जेवला असेल" म्हणजे "आव्रा मांजातो". "मला पुस्तकं आवडतात" यात कर्ता पुस्तकं, आणि इटालियनमध्येही पुस्तकांप्रमाणेच क्रियापद अनेकवचनी होतं, "मी पियाचोनो ई लीब्री".

आणि ज्याने मला खरा आनंद दिला ते सांगतो. "भाकरी? मी खाल्ली." "आंबा? मी खाल्ला." खाणारा तोच, क्रियापद कर्माप्रमाणे बदललं. इटालियनमध्ये कर्माचं सर्वनाम आधी आलं की असंच होतं: स्त्रीलिंगी वस्तू असेल तर 'लो मांजाता', पुल्लिंगी असेल तर 'लो मांजातो'. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे मला दोन्ही येतं."

इम्पेरफेत्तोसाठी मी माझ्या आजीचं वाक्य वापरतो. "आजी पहाटे उठे, सडा घाली, मग दळायला बसे." आपला रीतिभूतकाळ. बोलण्यातून तो गेला, आपण "उठायची, घालायची" म्हणतो, पण वाचताना कुणालाही अडत नाही. उत्तरेतल्या इटालियन माणसाचं पासातो रेमोतोशी असंच नातं आहे. बोलोन्याकर, म्हणून तो काळ निरुपयोगी ठरत नाही.

निळावंती

सातारकरकाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, पण धोक्याचा वाटतो म्हणून स्पष्ट लिहिते. मी तोरिनोला तिसऱ्या वर्षाला आहे आणि ही मराठीची शिडी मी वापरून पाहिली आहे. पहिल्या मजल्यापर्यंत पोचते, पुढे हवेत संपते.

इच्छा असेल तिथे विध्यर्थ आणि कोनजुन्तीवो जुळतात, मान्य. पण कोनजुन्तीवो सर्वांत जास्त लागतो तो मत सांगताना. "मला वाटतं ती दमली आहे." मराठीत चक्क स्वार्थ, 'आहे'. इटालियनमध्ये लेखी परीक्षेत "पेन्सो के सीया स्तांका" हवं. मराठीचा आधार घेऊन मी प्रत्येक वेळी 'ए' (साधं 'आहे') लिहिलं आणि गुण गेले. "तो येईल अशी आशा आहे" यात आपण भविष्यकाळ वापरतो, तिथे परत कोनजुन्तीवो. "उशीर झाला असला तरी" यातलं 'असला' मात्र छान जुळतं. म्हणजे कुठे जुळतं आणि कुठे नाही, हेच पाठ करावं लागतं. मग थेट इटालियनच का पाठ करू नये?

तीच गोष्ट साहाय्यक क्रियापदाची. "ती गेली, ती आली" हे एस्सेरेने होतं आणि धातुसाधित स्त्रीलिंगी होतं, आपल्यासारखंच. म्हणून मी "ती झोपली"लाही एस्सेरे लावलं. चूक! 'दोर्मीरे' आवेरे घेतं. 'चालणे'सुद्धा आवेरेच. मराठी कान इथे फसवतो.

सातारकर

निळावंती, मत सांगतानाच्या वाक्यांबद्दलचा मुद्दा पटला. माझ्या वहीत तो रकाना नव्हता, आज घातला. पण शिडी टाकून देऊ नये असंच म्हणेन. उतारवयात शिकणाऱ्याला ओळखीचा हात लागतो.

रानजाई

सगळ्यांचे आभार. बोलोन्याकर, आघाताबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. 'पार्लो' म्हणजे "मी बोलतो" आणि आघात शेवटी नेला की तेच "तो बोलला". फरक फक्त जोराचा. म्हणूनच तर मोठ्याने म्हणायला लावते. वहीत उतरवलेला तक्ता आणि म्हटलेला तक्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर नीट लिहायला हवं होतं. आणि एका बाबतीत मराठी कान कधीच फसवत नाही: "आम्ही बोलू" 'पार्लेरेमो', "आम्ही बोललो असतो" 'पार्लेरेम्मो'. एका 'म'चा फरक. पता आणि पत्ता वेगळे ऐकणाऱ्यांना तो लगेच कळतो.

पासातो रेमोतो पहिल्या सहा महिन्यांतून काढायला मी तयार आहे. वाचनाबरोबर शिकवीन. कोनजुन्तीवो मात्र हलवणार नाही, उलट आणखी अलीकडे आणीन.

बोलोन्याकर

ताई, रेमोतो मागे नेताय हे वाचून बरं वाटलं. कोनजुन्तीवोबद्दलही थोडं नमतं घेतो. बायकोला नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे आणि २०१८पासून त्यासाठी बी-१ (मध्यम) पातळीचं इटालियनचं प्रमाणपत्र लागतं. काल रात्री तिच्याबरोबर सरावाचा पेपर घेऊन बसलो. "पेन्सो के" नंतरच्या तिन्ही रिकाम्या जागा मी चुकीच्या भरल्या, ९ वर्षं इथे राहून. कारखान्यात कुणी कधी दुरुस्त केलं नव्हतं. तुमच्या त्या ७ काळांचा तक्ता एका पानावर असेल तर इथे टाका. तिला आणि मला, दोघांनाही हवा आहे.