मदत हवी आहे: हायपोस्पेडियासचं ऑपरेशन एकदाच की दोन टप्प्यांत?

नमस्कार मंडळी,

आम्ही देवगड तालुक्यातले. माझ्या सव्वा वर्षाच्या मुलाला जन्मतः हायपोस्पेडियास आहे. लघवीचं छिद्र टोकाला नाही, खालच्या बाजूला, अंडकोषाच्या पिशवीच्या जवळ आहे. शिश्नाला खाली बाकही आहे, त्याला डॉक्टर कॉर्डी म्हणतात. दोन्ही अंडकोष जागेवर आहेत, सोनोग्राफीत किडन्या व्यवस्थित. हे ऑपरेशन साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात, म्हणून आता ठरवायलाच हवं. दोन बालशल्यचिकित्सकांना दाखवलं आणि दोघांची मतं वेगळी पडली.

कोल्हापूरचे डॉक्टर एकाच ऑपरेशनमध्ये सगळं करू म्हणतात, टिप (TIP) नावाच्या पद्धतीने. स्नॉडग्रास नावाच्या सर्जननी ती १९९४ मध्ये मांडली. मूत्रमार्गाच्या जागी जी सपाट पट्टी असते तिच्या मधोमध उभा छेद देऊन ती रुंद करायची, कॅथेटरभोवती (लघवीसाठी घातलेल्या बारीक नळीभोवती) गुंडाळून मूत्रमार्गाची नळी करायची आणि वरून जवळच्याच ऊतीचा एक थर घालायचा. बाक थोडा असेल तर शिश्नाच्या वरच्या बाजूने टाके घालून सरळ करता येतो.

मुंबईचे डॉक्टर दोन टप्पे सुचवतात, ब्राका पद्धत. पहिल्या वेळी बाक पूर्ण काढायचा, त्यासाठी ती पट्टी कापायची आणि तिथे पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूची त्वचा लावायची. ती कमी पडली तर ओठाच्या किंवा गालाच्या आतलं अस्तर घेतात. साधारण सहा महिन्यांनी, ती नीट रुजली की नळी तयार करायची. म्हणजे दोनदा भूल, दोनदा दवाखाना.

मी जेवढं वाचलं आणि विचारलं त्यावरून, छिद्र टोकाजवळ असेल तर टिपचे निकाल चांगले येतात. छिद्र खाली आणि बाक जास्त असेल तर फिस्ट्यूला (शिवणीत भोक पडून शू तिथूनही येते), छिद्राचं तोंड आकुंचन पावणं, टाके उसवणं किंवा बाक परत दिसणं हे जास्त होतं. दोन टप्प्यांतही फिस्ट्यूला होतोच. पण बाक ३० अंशांहून जास्त असेल तर पट्टी तशीच ठेवून सरळ करणं कठीण, असं बरेच सर्जन मानतात. स्वतः स्नॉडग्रास यांनीही अशा मुलांसाठी पुढे टप्प्यांचा मार्ग धरला. बाक किती आहे हे बाहेरून नक्की कळत नाही, भूल दिल्यावर सलाईन भरून ताठरता आणतात तेव्हाच खरा अंश दिसतो. त्यामुळे माझा कल अशा डॉक्टरांकडे आहे जे टेबलावर बाक पाहून पद्धत बदलतील आणि आधीच दोन्हींसाठी संमती घेतील. असं सरळ विचारणं योग्य आहे ना? तुम्ही विचारलं होतं का?

ज्यांच्या मुलांचं छिद्र असं खाली होतं त्यांनी कृपया लिहा. कोणती पद्धत केली, पुन्हा ऑपरेशन लागलं का, आणि आता मूल मोठं झाल्यावर उभं राहून एका धारेत शू होते का, हे मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं आहे. ऑपरेशननंतरचे पहिले महिने सगळे सांगतात, पाच-सात वर्षांनंतरचं कुणी सांगत नाही.

आणखी एक काळजी प्रवासाची. कॅथेटर आठवडाभर तरी राहतो, त्यात पावसाळ्यात बाळाला घेऊन करूळ किंवा फोंडा घाट उतरायचा की तिथेच खोली घेऊन राहायचं? दोन डायपर घालून नळी बाहेरच्या डायपरमध्ये सोडतात म्हणे, ते रात्री कसं सांभाळलंत? घरी मिस्टर आंब्याच्या हंगामात बागेत अडकतात, म्हणून तारीख हंगामानंतरची धरावी असं वाटतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून दोन्ही टप्प्यांना मंजुरी मिळाली असेल तर तेही सांगा.

सासूबाईंना वाटतं ग्रहणात मी बाहेर पडले म्हणून हे झालं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं की गर्भात मूत्रमार्ग मिटण्याची क्रिया अर्धवट राहते, ग्रहणाचा संबंध नाही. आता त्या निदान सुंता करून टाका असं म्हणत नाहीत. ती पुढची कातडीच ऑपरेशनला लागते, त्यामुळे ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांनी आधी सुंता मुळीच करू नये.

अनुभव इथे लिहायला संकोच वाटला तर व्यक्तिगत निरोप पाठवा. मुलांचे फोटो मात्र कुणीही टाकू नका, नुसतं वर्णन पुरेसं आहे.