प्रवाळ, ढग आणि कार्बनचा हिशेब

एकांनी प्रवाळभित्तींना (प्रवाळ या छोट्या समुद्री जीवांच्या चुन्याच्या सांगाड्यांनी बनलेल्या रचनांना) 'समुद्रातलं जंगल' म्हणत त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात असं लिहिलंय. इथे थोडी गफलत होते. प्रवाळांच्या पेशींतलं शैवाल प्रकाशसंश्लेषण करतं हे खरं, पण तयार झालेलं अन्न बहुतेक तिथल्या तिथेच संपतं. उलट चुन्याचा सांगाडा घडताना पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे (कार्बन असलेले) दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, खर्ची पडतात. एकाचा कार्बन चुन्यात जातो, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे दगडात कार्बन अडकतोय आणि तरीही वायू सुटतोय! मलाही हे पचायला वेळ लागला.

ढगांचा भाग मात्र जास्त रंजक. प्रवाळ आणि शैवाल गंधकाचं एक संयुग बनवतात, त्यापासून डायमिथाइल सल्फाइड वायू होतो (समुद्राच्या वासात त्याचा वाटा असतो). ओहोटीला अ‍ॅक्रोपोरासारखे प्रवाळ उघडे पडले की तो भसकन सुटतो. हवेत त्याचे सल्फेटचे कण होतात आणि त्यांच्याभोवती ढगाचे थेंब धरतात. ढगांमुळे खालचं पाणी थंड राहतं, हे चक्र १९८७ मध्ये चार्लसन, लव्हलॉक आणि सहकारी शास्त्रज्ञांनी मांडलं, पण प्लवकांबाबत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांबाबत). प्रवाळ स्वतःची छत्री स्वतःच उघडतात हे मला ताणलेलं वाटतं. कण तयार होईस्तोवर वाऱ्याने ती हवा कुठल्या कुठे नेलेली असते. ढग प्रवाळांना वाचवतात हे खरं, पण ते बाहेरून आलेलेही असू शकतात: २०१६ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीचा दक्षिण भाग विरंजनातून (तापलेल्या पाण्यात शैवाल गमावून प्रवाळ पांढरे पडण्यातून) बराचसा वाचला, तो विन्स्टन चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढग-पावसामुळे.