चार्जरपेक्षा गिझरकडे बघा
वीजबिल कमी करायचं म्हटलं की सगळे मोबाइल चार्जरचं बटण बंद करायच्या मागे लागलेत, पण आजकालचा चार्जर नुसता लावून ठेवला तर अर्धा वॅटही खात नाही हो. खरी वीज जाते ती तापवण्यात आणि गार करण्यात. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं, तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी शंभर तासांच्या वर चालतो, आणि स्टोरेजवाला, म्हणजे टाकीत पाणी साठवणारा गिझर दिवसभर चालू ठेवलात तर पाणी आपलं निवतंय आणि तो परत तापवतोय, म्हणून आंघोळीआधी लावा नि लगेच बंद करा. बाकी जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० च्या आसपासचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) घ्यायचा तर रात्रंदिवस फिरणाराच बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे.