पॅच पाठवला, पुढे शांतता! तुमचे अनुभव लिहा

पॅच म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरमध्ये आपण सुचवलेला बदल; प्रकल्प सांभाळणारे तो तपासून घेतात. परवा कर्वे रस्त्यावर चहा घेताना कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "ताई, पॅच पाठवून दीड महिना झाला, हो नाही की नाही नाही. मागे घेऊ का?" घेऊ नकोस म्हटलं. पण माझ्या एकटीच्या अनुभवावर किती सांगणार? ज्यांचे पॅच अडकले आणि सुटले, त्यांनी जरूर लिहा.

माझा पहिला पॅच लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचा. एकाच पॅचमध्ये दुरुस्ती, व्हेरिएबलची नावं, मोकळ्या जागा, सगळं कोंबलेलं. वर संदेश काय, तर 'ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) दुरुस्त केला'. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग नुसती दुरुस्ती वेगळी काढली, चार ओळींची, आणि लिहिलं: 'केबल दुसऱ्यांदा लावली की मशीन अडकतं, कारण एरर आल्यावर लॉक सुटत नाही.' तिसऱ्या दिवशी उत्तर! व्ही२ मध्ये, म्हणजे सुधारून पुन्हा पाठवलेल्या पॅचमध्ये, काय बदललं ते संदेशाखालच्या तीन रेघांखाली (---) लिहायचं, हेही तेव्हाच कळलं.

आलेली उत्तरं:

हिंजवडीहून: माझी वेळ चुकली होती. कर्नलची नवी आवृत्ती आली की साधारण दोन आठवडे मर्ज विंडो असते, म्हणजे आधीच तयार झालेले बदल मुख्य कोडात घ्यायचा काळ. तेवढे दिवस नेटवर्किंगवाले नव्या सुविधांचे पॅच घेतच नाहीत. मी नेमका तेव्हाच पाठवला. विंडो संपल्यावर पुन्हा पाठवला, तर लगेच पाहिला गेला.

सदाशिव पेठेतून: पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कमिटफेस्टमध्ये, म्हणजे आलेले पॅच तपासायच्या ठरलेल्या काळात, स्वतःचा पॅच टाकला की दुसऱ्याचा एक तपासावा, अशी अपेक्षा असते. मला वाटायचं, आपण कोण तपासणारे! तरी एक घेतला, लावून पाहिला, टेस्ट चालवल्या, एक टेस्ट कुठे पडते ते कळवलं. त्या माणसानं आभार मानले आणि पुढच्या आठवड्यात माझा पॅच उघडला.

कात्रजहून: मी पलीकडच्या बाजूची. एका प्रकल्पाची मराठी भाषांतरं तपासते, नोकरी सांभाळून, रात्री मुलगा झोपल्यावर. दहा ओळी आल्या तर त्याच रात्री होतात. चारशे आल्या की रविवार शोधावा लागतो, आणि रविवारी घरात पाहुणे. 'साठवा'चं 'जतन करा' का केलं, हे एका ओळीत लिहा हो. आणि आठवडा-दोन आठवडे थांबून खुशाल आठवण करा, राग येत नाही. खरंच राहून गेलेलं असतं.

कर्वेनगरहून: ती मुलगी मीच. काल गेट-मेंटेनर स्क्रिप्ट चालवली, कर्नलचा पॅच कुणाला पाठवायचा ते ती सांगते. मी ज्यांना पाठवला होता, त्यांचं नाव त्यात नाहीच! दुसरीच दोन नावं आली. रात्री त्यांना पाठवते.