लातूरची टीम, पुण्याचा सर्व्हर: एसव्हीएन सोडावं का?

औसेकर: नेटची लाइन गेली की एसव्हीएनचं (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) कमिट, म्हणजे बदलांची नोंद, अडतं. त्याच कामाच्या गिटनं फरक पडेल का?

गोदाकाठ: पडेल की भाऊ. एसव्हीएनचा इतिहास सर्व्हरवर, म्हणून कमिट न् लॉगलाही (जुन्या नोंदींची यादी) नेट लागतं. गिटमध्ये क्लोन केलं (पूर्ण नक्कल उतरवली) की सगळा इतिहास तुमच्या मशीनवर. नेट फक्त पुश (कमिट सर्व्हरवर पाठवणं) न् फेच, पुलला (तिथले बदल आणणं). नेट लईच दिवस बंद असेल तर ‘गिट बंडल क्रिएट’ या कमांडनं एक फाइल बनवा, पेनड्राइव्हवर न्या, तिकडं तिच्यातूनच फेच होतं.

परभणी_डेव्ह: पण पुश होईपर्यंत कमिट तुमच्याच डिस्कवर. डिस्क गेली की काम गेलं. लाइन आली की आधी पुश.

औसेकर: जुना इतिहास येईल? फोटोशॉपच्या फाइलीही आहेत.

गोदाकाठ: येईल, ‘गिट एसव्हीएन क्लोन’नं. आधी ऑथर्स फाइल करा: प्रत्येक एसव्हीएन युजरसमोर नाव आणि ईमेल. एक जरी राहिला तर क्लोन मधेच थांबतं. हजारो रिव्हिजन (एसव्हीएनमधल्या नोंदी) असतील तर रात्रीच लावा.

परभणी_डेव्ह: फोटोशॉपच्या फाइलींचं मर्ज (दोघांचे बदल एकत्र करणं) होत नाही आणि प्रत्येक क्लोनमध्ये जुन्या आवृत्त्या येतात. त्या गिटच्या एलएफएसमध्ये (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची सोय) टाका, त्यात लॉकही आहे, म्हणजे एकावेळी एकानंच फाइल बदलायची. नाहीतर तेवढं फोल्डर एसव्हीएनवरच राहू द्या, काही बिघडत नाही.