फाउंड्रीचा हिशेब क्लाउडवर नेऊ का?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना आहे. जुन्या सॉफ्टवेअरचं नूतनीकरण थांबवलं आणि सहा वर्षांच्या हीटच्या (भट्टीतल्या एकेका वितळवणीच्या) नोंदी विक्रेत्याच्या फॉरमॅटमध्ये अडकल्या. बाबा अजून वहीत कास्टिंगची वजनं शोधत बसतात, बघवत नाही. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर टाकू का? पुन्हा अडकायचं नाही.

जुना सिस्टिमवाला: जरूर टाका, दादा. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं आहे, परवाना जीपीएल ३, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा. कोड सगळ्यांना खुला, डेटा मारियाडीबी या खुल्या डेटाबेसमध्ये. सर्व्हरवाल्याशी पटलं नाही तर बॅकअप उचलायचा, दुसरीकडे उभं करायचं. सर्व्हरचं भाडं मात्र दरमहा लागतं.

हिशेबताई: साधा बॅकअप डेटाबेसचा असतो. जोडलेली ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेटं त्यात येत नाहीत. बॅकअप घेताना 'विथ फाइल्स' हा पर्याय लावाच. साइट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधली एन्क्रिप्शन की, म्हणजे पासवर्ड उलगडायची किल्लीसुद्धा जपा, नाहीतर साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरंच चढवून बघा. नुसती फाइल पडून आहे म्हणजे झालं असं नाही.

शिरोलीकर: ताई, त्या कीचं माहीतच नव्हतं. मनापासून आभार. सुट्टीला भट्टी बंद असते, तेव्हा घरच्या लॅपटॉपवर आधी चढवून बघतो. बाबांच्या वह्या मीच टाइप करणार.